नवसाचा सिनेमा

"हा पडदा उतरव, रम्पाई. शेवटचं सांगतोय," सरपंच प्रायून म्हणाला.

रम्पाई बांबूला दोरी आवळत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "आईचा नवस आहे. उतरवायचा तर तू उतरव. आजोबा बघतायत."

प्रायूनचे हात खिशातच राहिले.

आजोबा म्हणजे गावाचे राखणदार. मेलेत कधीच, पण गावात चालतं त्यांचंच. नवस फेडायचा तर झाडीतल्या त्यांच्या ठाण्यापुढे सिनेमा लावायचा. पुढची रांग रिकाम्या खुर्च्यांची, आजोबांची आणि बाकीच्या मेलेल्यांची. जिवंत माणसानं तिथं बसायचं नाही. आणि सुरू केलेला सिनेमा मध्येच बंद करायचा नाही. आजवर सगळ्यांनी मारामारीचे सिनेमे लावले. रम्पाईनं स्वतःचा आणला.

मी तिचा मावसभाऊ, तुई. तिच्या प्रत्येक सिनेमात माइकची काठी मी धरली, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा नको. परदेशात लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, इथं तिचा एकही सिनेमा थिएटरला लागलेला नाही. पोटासाठी ती लग्नाचे व्हिडिओ काढते. बँकॉकचे शहाणे तिच्या गळ्यात हात घालून फोटो काढतात आणि बंदी आली की फोन उचलत नाहीत. गाव तर सरळच म्हणतं, आमची गरिबी गोऱ्यांना विकते.

हा सिनेमा तिच्या भावाचा. खमसिंगला कम्युनिस्ट ठरवून सैनिकांनी जीपमध्ये घातलं, तो परत आलाच नाही. त्यांना घर कुणी दाखवलं, ते रम्पाईच्या आईनं, माझ्या मावशीनं, कॅमेऱ्यासमोर नाव घेऊन सांगितलंय. सेन्सॉरचे साहेब म्हणाले, तेवढं कापा, परवानगी देतो. रम्पाई म्हणाली, "तेवढंच तर आहे त्यात. बाकीचं कापा." मग परवानगी कसली मिळतेय! शाळेचं मैदान प्रायूननं नाकारलं. तेव्हा मावशीला तिचा जुना नवस आठवला. पोरगी घरी आली तर आजोबांना सिनेमा दाखवीन.

"नवसच फेडायचा ना? मग दुसरा सिनेमा लाव," प्रायून म्हणाला. "मेलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणतेस? बाप होता माझा."

"माझा भाऊपण मेलाय."

"कोण मेलाय?" मागून मावशी खेकसली. "जीभ आवर, भवाने. गेलाय कुठं तरी. येईल."

रम्पाईनं दोरीला अशी गाठ मारली की बांबू वाकला. मायलेकींचं हे भांडण जुनं. मेलेल्यांसाठी भाताच्या पुड्या जमिनीवर ठेवायच्या, त्या दिवशी मावशी सगळ्या पितरांच्या पुड्या बांधते. खमसिंगची तिनं कधी बांधली नाही.

ठाण्याचा पुजारी लुन तेवढ्यात उदबत्ती खोचून उठला. "झालं आवतण. प्रायून, आता तू बंद पाडलंस आणि गावात ताप पसरला, तर डॉक्टरला काय सांगू? सरपंचानं आजोबांचा सिनेमा बंद पाडला म्हणून?"

कुणी तरी फिदीफिदी हसलं. प्रायून थुंकला. "लाव. बघतो कोण बघतंय ते."

दिवेलागणीला सगळं गाव आलं. आलं, आणि पडद्याकडे पाठ करून चटयांवर बसलं. भाजलेले मासे, दारू, गप्पा. पुराच्या वेळी यांची अशी एकजूट दिसली नव्हती.

"बसू दे," रम्पाई मला म्हणाली. "कान कुठं फिरवतील? आवाज वाढव."

पडद्यावर मावशी भात पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, "फिननं बोट केलं आमच्या घराकडे. प्रायूनच्या बापानं. त्याच बोटांनी आमच्या टोपलीतला भात खाल्लेला."

गप्पा थांबल्या. वळलं कुणीच नाही. प्रायून उठला, जनरेटरपाशी गेला, बटणावर हात ठेवला. मग त्यानं त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. हात काढून घेतला आणि पुन्हा येऊन पाठ करून बसला.

पडद्यावर आता नुसता रस्ता होता. जीप गेली तो. धूळ खाली बसेपर्यंत रम्पाईनं कॅमेरा हलवला नव्हता.

मावशी उठली. बसायची प्लास्टिकची खुर्ची ओढत पुढं निघाली.

"आई, तिथं बसत नाहीत!"

"मी कुठं बसतेय?"

रांगेच्या टोकाला जागा करून तिनं खुर्ची टेकवली. खांद्यावरच्या फडक्यानं पुसली. काखेतली भाताची टोपली तिच्यावर ठेवली आणि झाकण काढलं.

"मागून त्याला दिसत नव्हतं," ती म्हणाली.

मावशी शेजारी जमिनीवरच बसली. पडद्याकडे नाही, खुर्चीकडे तोंड करून.

गावाच्या पाठी तशाच होत्या.