व्हाइल लाल दिवा दिसतो

“तुम्ही त्याचा पाय घेतलात, आणि आता त्याचा शब्दही घ्यायला निघालात!”

हिल्डा हॉयल मागच्या बाकावरून उठली ती थेट टेबलापाशीच जाऊन उभी राहिली. हातातली ओली छत्री तिनं टेबलाच्या कडेला टेकवली, तसं लंडनहून आलेल्या चौकशीच्या साहेबांनी आपले कागद जरा मागे ओढले. चॅपलच्या दालनात अख्खी दरी लोटली होती. कुणी तिला अडवलं नाही. अडवणाऱ्याला संध्याकाळी याच लोकांतून घरी जायचं होतं.

“खोटारडा म्हणालात त्याला. मांजरानं दूध सांडलं तरी ‘मीच झाकण ठेवलं नव्हतं’ म्हणणारा माणूस आहे तो!”

“हिल्डा, अगं बस ना,” तिचा नवरा विल्फ म्हणाला.

तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. मांडीवरचं घोंगडं एका बाजूनं गुडघ्याखाली सपाट पडलं होतं. सकाळपासून तो त्याची एकच दशी बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

यॉर्कशरच्या त्या दरीत खाणीची वाट ओलांडल्याशिवाय कुणी घरी जात नसे. वरून दगडानं भरलेल्या वाघिणी, म्हणजे रुळांवरचे उघडे डबे, दोरावर सुटत आणि वाटेला आडव्या जात. तिथं वर्षानुवर्षं म्हातारा एमॉस उभा असे. वाघिणी वर अडवल्या की तो लाल निशाण उचलायचा, आणि माणसं पलीकडे जायची. लाल दिसलं की निघायचं, हे तिथल्या पोरांना पाळण्यात कळायचं. मग मालकांना एमॉस परवडेना. त्यांनी त्याला घरी बसवलं, एक दिवा लावला आणि शेजारी पाटी ठोकली. पाटी दूर कुठल्याशा कचेरीत लिहिली गेली होती. लिहिणाऱ्यानं ती वाट जन्मात ओलांडली नव्हती. चौकशीला त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. साक्षीला बोलावलं ते विल्फला, कारण पाटी लागली त्याच दिवशी वाघिणीखाली सापडला तो विल्फ.

सकाळी कंपनीच्या वकिलानं त्याला उभं केलं होतं. म्हणजे, खुर्ची पुढे ढकलवली होती.

“वाचता येतं का?”

“येतं की.”

“पाटी वाचलीत?”

“वाचली.”

“मग काय केलंत?”

“पाटीवर होतं तेच. थांबलो, व्हाइल दिवा दिसला. मग निघालो.”

वकील चौकशीच्या साहेबांकडे वळला. वाघिणी आदळल्या तेव्हा दिवा जळत होता, हे वरून वाघिणी सोडणाऱ्या माणसानं शपथेवर सांगितलं आहे. आणि हा म्हणतो, दिवा विझल्यावर निघालो. दोघांतला एक खोटं बोलतो आहे.

दालनातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. दिवा विझला असं विल्फ म्हणाला कधी? दुपारी हिल्डानं त्याच्यापुढे पाव ठेवला, तो तसाच राहिला.

“डोक्यालाही मार लागलाय म्हणतात,” तो तिला हळूच म्हणाला होता. “मी खोटं तर बोललो नाही ना गं?”

पाय गेला तो गेला, तो काही ती मागत नव्हती. पण तिचा माणूस स्वतःलाच खोटारडा समजू लागला होता, आणि ते तिला बघवत नव्हतं.

साहेब तसे वाईट नव्हते. विल्फच्या पाठीला उशी द्या, हे त्यांनीच सकाळी सांगितलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुमचंही ऐकून घेऊ. पण तुम्ही गप्प बसायचं, व्हाइल मी बोलतो.”

“बरं,” हिल्डा म्हणाली, आणि समोरच्याच खुर्चीत बसली.

साहेबांनी कागद सारखे केले. वरचा खाली घातला, खालचा वर आणला. पाणी प्यायले. हिल्डानं ओठ घट्ट मिटले होते.

“अगं, बसलीस काय अशी?” मागून शेजारची डॉरिस कुजबुजली. “बोल की!”

हिल्डानं मागे न बघता बोट ओठांवर ठेवलं.

साहेबांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. “सदर प्रकरणात, समोर आलेल्या साक्षींचा विचार करता—”

हिल्डा ताडकन उठली. “तर मी काय म्हणत होते—”

“बाई! काय सांगितलं होतं मी तुम्हाला?”

“गप्प बसा, व्हाइल मी बोलतो. बसले की गप्प! आता बोललात ना तुम्ही? मग माझी पाळी.”

वकील मोठ्यानं हसला. एकटाच हसला.

“दात काय काढतोय मेला?” डॉरिस म्हणाली. “सांगितलं तसंच तर केलं तिनं.”

बाकांबाकांवर माना हलल्या. साहेब त्या हलणाऱ्या मानांकडे बघत राहिले. एकाच्याही चेहऱ्यावर थट्टा नव्हती. वकिलाचं हसू आपोआप विरलं.

“बाई,” साहेबांनी जरा वेळानं विचारलं, “खाणीची पहिली पाळी कधी असते?”

“सहा व्हाइल दोन.”

“म्हणजे... सहापासून दोनपर्यंत?”

“मग? तुमच्याकडे दोन वाजत नाहीत का?”

आता मात्र दालन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातून पाटीचा फोटो काढला आणि ओठ हलवत वाचला. *थांबा, व्हाइल लाल दिवा दिसतो.* एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं, ते तिथून हलेना.

“वकीलसाहेब, याचा अर्थ तुम्ही काय घेता?”

“त्यात घ्यायचंय काय? दिवा दिसतोय तोवर थांबा. सरळ इंग्रजी आहे.”

“तोवर?” डॉरिस उसळली. “अहो, व्हाइल म्हणजे पर्यंत! दिवा दिसेपर्यंत! एकदा दिसल्यावर थांबायचं कशाला, आरती ओवाळायला?”

कुणी हसलं नाही. वकिलानं साहेबांकडे बघितलं, मग टेबलावरच्या फोटोकडे. खिडकीशी विल्फचं बोट दशीसकट थांबलं होतं. त्यानं मान वर केली.

साहेबांनी चष्मा काढून फोटोवर पालथा ठेवला. “मला वाटतं,” ते म्हणाले, “आपण जरा चहा घेऊ. मग मी कंपनीच्या लोकांशी आत बसून—”

ते उठू लागले तसा हिल्डानं कागदांच्या गठ्ठ्यावर आपला पंजा ठेवला.

“आत नाही. तुम्हाला काय कळलं ते न्या खुशाल लंडनला. त्या खुर्चीकडे बघा आणि मला एवढंच सांगा, साहेब. पाटीनं सांगितलं तसा तो थांबला होता, की नव्हता?”