एकशे चार

एकशे चार.

एक निळी मोटार, आतून उकडलेल्या कोबीचा वास येणारी.

खसखस भरलेले तीन गोड पाव, म्हणजे बुख्ते, बाकावर तसेच राहिलेले.

चार बारीक पांढऱ्या रेघा. त्यांतल्या दोन पुसलेल्या.

हिरव्या गवतातून उडालेली चिमूटभर माती, आणि त्यानंतरची शांतता.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझ्याच आयुष्याचे आहेत, फक्त सांडलेले. मी रायफलीच्या पाठीवर बसणारी एक जुनी दुर्बीण. वीतभर लांब, काळी, एका कडेला चरा पडलेली. माझ्या पोटात एक फुली आहे. ती नेमाच्या लोखंडी तबकडीवर ठेवायची आणि चाप ओढायचा, एवढंच माझं काम. आणि माझ्या डोक्यावर एक फिरकी आहे. ही गोष्ट त्या फिरकीची आहे.

छोट्या गोळीच्या रायफलीने दोनशे मीटरवर नेम धरणं म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. ती गोळी करंगळीच्या पेराहून लहान. पन्नास मीटरपर्यंत ती शहाण्यासारखी जाते. पुढे दमते, खाली खाली येते, आणि दोनशे मीटरवर पोचेतो माणसाच्या उंचीएवढी घसरलेली असते. म्हणून फिरकी फिरवून माझी फुली हलवायची, म्हणजे नळी आपोआप तेवढी वर उचलली जाते. फिरकी फिरताना टिक टिक वाजते. दोनशे मीटरवर एक टिक म्हणजे दोन सेंटिमीटर. पन्नास टिकांचा एक वेढा. आमच्या रायफलीला शून्यापासून शहाऐंशी टिका लागत. म्हणजे एक पूर्ण वेढा आणि वर छत्तीस.

आता गोम अशी, की एक वेढा पुरा झाला की फिरकीवरचा शून्य पुन्हा रेघेवर येतो. कितवा वेढा चालू आहे हे कळावं म्हणून फिरकीखाली चार पांढऱ्या रेघा असतात. महागड्या दुर्बिणींना शून्यावर अडवणारी खीळ असते. मला नव्हती. मला रेघाच होत्या, आणि त्याही कारखान्यात दुपारच्या जेवणाआधी घाईने रंगवलेल्या.

मला निवडलं ओटाकार ह्लाविन्काने. मोराव्हियातल्या ओल्शांका गावचा हा म्हातारा. चाळीस वर्षं काचेच्या कारखान्यात काचा घासून निवृत्त झालेला, आणि गावच्या क्लबात एकतीस वर्षं सात नंबरच्या चटईवर पालथा पडून नेम धरणारा. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. नळीच्या टोकाची लोखंडी माशी दिसेनाशी झाली, म्हणून दुर्बीण.

दुकानात त्याची मुलगी ब्लांका बरोबर होती. ती शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाक करायची. निळी मोटार तिचीच.

"ही घ्या काका," दुकानदार एक जाडजूड दुर्बीण पुढे करत म्हणाला. "चोवीस पट मोठं दाखवते. त्याच किमतीत."

ओटाकारने ती डोळ्याला लावली आणि परत ठेवली. "चोवीस पट धुकं दाखवते. काच काय असते ते मला शिकवू नकोस."

"बाबा, थोडे जास्त घालून चांगली घेऊ या ना."

"रायफल माझ्या लग्नाआधीची. तिच्या डोक्यावर तिच्याहून महाग टोपी कशाला?" मग त्याने मला उचललं. बारा पट. कडेला थोडी अंधूक, मध्ये स्वच्छ. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत पुढचं कडं फिरवून चित्र स्थिर केलं. "हिची काच बरी आहे. पण काचेवर काय जातंय? ही गेलेली परत येते का ते बघायचं. चौदा दिवसांत परत घेणार ना रे?"

घरी त्याने मला शेडमधल्या शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळलं. पन्नास मीटरवर, कुंपणाच्या फळीला, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर रेघा मारलेला कागद लावला. पन्नास टिका वर, पन्नास खाली. फुली त्याच रेघेवर परत आली का? पुन्हा. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा. संध्याकाळपर्यंत माझी फिरकी गरम झाली. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. पेटीत परत जाणं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावरून ते चांगलं नसावं.

"येते परत," तो शेवटी म्हणाला. मग रायफलीवर चढवून, पन्नास मीटरवर नेम बसवून त्याने माझा शून्य ठरवला, आणि एक विचित्र काम केलं. फिरकी उलटी फिरवत मला पार तळाला, अडेपर्यंत नेलं, आणि तिथून शून्यापर्यंतच्या टिका मोजल्या. एकशे चार. ब्लांकाने तो आकडा रायफलीच्या पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने लिहिला.

"हे कशाला, बाबा?"

"माणूस हरवला की कुठून तरी मोजायला सुरुवात करावी लागते, पोरी."

दोन वर्षं आमची चांगली गेली. ओल्शांकाच्या क्लबात एक रीत होती. नेमबाजी झाली की दुर्बीण शून्यावर आणल्याशिवाय पेटीत ठेवायची नाही. तिला 'घरी नेणं' म्हणत. घरी न नेता झोपवलेली दुर्बीण अपशकुनी, असं म्हातारे मानत, आणि ब्लांका तर देव मानावा तसं मानत असे.

तिसऱ्या वर्षी डोळा आणखी बिघडला. क्लबप्रमुख सेव्हेरिनने सगळ्यांसमोर विषय काढला.

"ओटाकार, संघात जागा तीन. तुझी तबकडी वाजण्यापेक्षा तुझा खोकलाच जास्त ऐकू येतो."

"खोकला तरी नेमका लागतो. तुझं काय?"

लोक हसले. सेव्हेरिन नाही हसला. "मे महिन्यातल्या सामन्यात वीसपैकी पंधरा वाजव. नाही वाजल्या, तर सात नंबरची चटई सोडायची, आणि हिशेबाच्या टेबलाशी बसून इतरांचे गुण लिहायचे."

"सोडीन," ओटाकार म्हणाला. ब्लांकाने मान खाली घातली. सात नंबर सोडून ओटाकारकडे दुसरं काय होतं, ते तिला माहीत होतं.

सामना शनिवारी. शुक्रवारी त्याने शंभर मीटरवरच थोडा सराव केला, मला शून्यापासून सत्तावीस टिकांवर तसंच शेडमधल्या टेबलावर ठेवलं आणि बटाटे सोलायला बाहेर गेला. ब्लांका कामावरून आली. मी घरी गेलेली नाही हे तिने पाहिलं. बाबांनी दोनशेवरच सराव केला असणार, असं तिला वाटलं. तिने फिरकी शून्यावर आणली. मग तो जादाचा वेढा आठवून आणखी एक पूर्ण वेढा उलटा फिरवला. पुसलेल्या रेघा तिला दिसल्या नाहीत. पेटी बंद केली. वरून हात फिरवला.

शून्य रेघेवर होता, आणि मी घराच्या पन्नास टिका खाली होते. मला तोंड नाही, मित्रांनो.

शनिवारी ओटाकारने शून्य पाहिला, एक वेढा आणि छत्तीस टिका दिल्या आणि पालथा झाला. चाचणीच्या पाच गोळ्या, सामन्याच्या वीस, वेळ पंचवीस मिनिटं. चटईवर पडलेल्या नेमबाजाशी कुणी बोललं तर नेमबाज बाद. आणि ज्याला सामना सोडून उठायचं असेल त्याने शेजारची लाल झेंडी रायफलीपुढे टाकायची.

पहिली गोळी. तबकडीचा आवाज यायला दीड सेकंद लागतो. एक. दोन. तीन. काहीच नाही.

तबकडीच्या मीटरभर खाली गवतातून माती उडाली. मी पाहिली. मागे बाकावर बसलेल्या ब्लांकाने तिच्या दुर्बिणीतून पाहिली. ओटाकारच्या डोळ्याला ती दिसली नाही.

दुसरी गोळी. माती पुन्हा तिथेच.

ब्लांकाच्या मांडीवर बुख्त्यांचा डबा होता. मीटर म्हणजे पन्नास टिका, म्हणजे काल तिनेच उलटा दिलेला वेढा, हे तिच्या ध्यानात आलं तसा तिने डबा बाकावर ठेवला. तोंड उघडलं आणि हाताने दाबून धरलं. बोललं तर बाद. न बोललं तर पंधरा कुठून?

ओटाकारने गाल रायफलीवरून उचलला. उजवा डोळा बोटाने दाबला. त्याला वाटलं, डोळाच गेला. त्याचा हात हळूहळू झेंडीकडे गेला. बोटं काठीवर टेकली.

तो थांबला. मान जराशी वळवली, काहीतरी ऐकल्यासारखी. पण मैदानावर वाऱ्याशिवाय आवाज नव्हता.

मग तो हात माझ्याकडे आला, आणि मला उलटं फिरवू लागला. खाली, खाली, पार अडेपर्यंत. मला धडकी भरली. स्वस्त दुर्बीण तळाला टेकवली की तिची स्प्रिंग आळसावते, मग ती परत येतेच असं नाही.

"एक. दोन. तीन."

मागे सेव्हेरिन कुणाला तरी म्हणत होता, "हा नेम धरतोय की घड्याळाला चावी देतोय?"

"एकोणसाठ. साठ."

सहा मिनिटं गेली होती. सात.

"एकशे तीन. एकशे चार." फिरकीचा शून्य बरोबर रेघेवर आला. ओटाकारने श्वास सोडला. मग एक वेढा. मग छत्तीस, एकेक, अंगठ्याने चाचपत.

तिसरी गोळी. आता सगळं माझ्यावर होतं. शेडमधल्या त्या संध्याकाळी मी परत येत होते. आज आले होते का?

एक.

टण्.

वीसपैकी सतरा वाजल्या. उरलेल्या तीन वाऱ्याने नेल्या. सेव्हेरिनने आकडा लिहिला आणि एवढंच म्हटलं, "खोकला कमी झालाय."

मोटारीशी ब्लांका रडवेली झाली. "बाबा, काल मी तिला घरी न्यायला म्हणून..."

"माझंच मोजायचं राहिलं," ओटाकार म्हणाला. "बुख्ते कुठायत?"

आज मी शेडच्या फळीवर असते. ओटाकारच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आता सात नंबरवर कधी तो, कधी ब्लांका. माझ्या रेघा आता पुरत्या गेल्या आहेत. पेन्सिलीचा आकडा मात्र आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काही स्वस्त, मुकं, कामाचं असेल. त्याला नुसतं पुसून ठेवू नका. ते आत्ता कुठे आहे, तेही बघून ठेवा. आम्हाला हाक मारता येत नाही.

त्या शुक्रवारी शेडची खिडकी उघडी होती, ओटाकार तिच्याखालीच बटाटे सोलत बसला होता, आणि माझ्या टिका बाहेरपर्यंत ऐकू जातात, सत्तावीसच्या पुढच्या पन्नासही.