तोफेच्या कानावरचा अंगठा

लाइल हॉस्टेटर आणि त्याचा मेहुणा ग्लेन स्टाउफर यांनी कित्येक वर्षं खपून एक तोफ उभी केली. अमेरिकेच्या यादवी युद्धातली ती कांशाची नळी ग्लेनला एका जुन्या क्लबाच्या अंगणात मिळाली, तोंडात फुलझाडांची कुंडी खोचलेली. मग ओकचं लाकूड आलं, आरे तासले गेले, पलीकडच्या गावच्या, जुन्या वळणाच्या आमिश पंथातल्या लोहाराने लोखंडी धावा तापवून चाकांवर चढवल्या. एक हिवाळाभर ती चाकं जेवणाच्या खोलीत होती. लाइलची बायको अर्लीन पाहुण्यांना म्हणायची, "या, बसा. चाकाला पाय लावू नका, माझ्यापेक्षा त्याचा मान मोठा आहे."

फेब्रुवारीत अर्लीन गेली. आपण कोसळणार असं लाइलला वाटलं होतं, पण काहीच झालं नाही. जेवला, झोपला, उठला. माणूस धीराचा आहे, असं लोक म्हणाले. लोकांना बोलायला काय जातं! आत सगळं बधिर होतं, रडूसुद्धा फिरकत नव्हतं. तोफेचं काम बाकी होतं म्हणून तो सकाळी पायात बूट चढवायचा. दुसरं कारण उरलं नव्हतं.

मे महिन्यात गावाच्या मैदानावर पहिला बार काढायचा ठरला. ग्लेन तोंडाशी उभा राहून नळी ओला बोळा लावलेल्या दांड्याने पुसणार आणि दारू ठासणार. तेवढा वेळ लाइलने मागच्या भोकावर, तोफेच्या कानावर, चामड्याची टोपी घातलेला अंगठा घट्ट दाबून धरायचा. आत वारा शिरला तर आधीच्या बाराची राहिलेली ठिणगी फुलते आणि नवी दारू ठासणाऱ्याचे हात घेऊन जाते.

"अंगठा जप रे बाबा," ग्लेन म्हणाला. "या हातांनी मला अजून बिटाच्या रसात मुरवलेली अंडी खायचीत."

पहिला बार झकास उडाला. माणसं टाळ्या वाजवू लागली, ग्लेन तर नाचलाच. लाइल धूर बघत राहिला.

दुसऱ्यांदा ग्लेनने पुसलं, ठासलं आणि दांडा काढून तो बाजूला झाला. तेव्हा लाइलचं लक्ष खाली गेलं. अंगठा भोकावर नव्हता. शेजारी कांशावर निवांत टेकला होता. कधीपासून, ते त्याला ठाऊक नव्हतं. भरलेला बार उडवण्यावाचून इलाज नव्हता. त्याने दोरी ओढली. पुन्हा टाळ्या झाल्या.

ग्लेनने तिसऱ्यांदा ओला दांडा उचलला.

"थांब," लाइल म्हणाला. "मगाशी माझा अंगठा सुटला होता."

"कधी?"

"माहीत नाही. बघितलं तेव्हा बाजूला होता."

"डोळा लागला होता का?"

"नाही, जागाच होतो. तुझे हात गेले असते ग्लेन, आणि ते कळूनही मला काही वाटलं नाही. भीतीसुद्धा नाही."

ग्लेनने आपले दोन्ही पंजे उलटेपालटे करून बघितले.

"मी पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "गप्प बसला असतास तर मला पत्ताही लागला नसता."

"हो."

"आता मी तुला तोफेपाशी उभं करू शकत नाही. पुढेही करीन की नाही, सांगता येत नाही."

"माहीत आहे."

"एवढी एकच गोष्ट उरलीय तुला. मग बोललास कशाला, गाढवा?"

"नाही तर संध्याकाळी अर्लीनला काय सांगितलं असतं? तिच्या भावाचे हात मी..."

लाइल मध्येच थांबला. ग्लेनने दांडा हळूच गवतावर ठेवला. माणसं तिसऱ्या बाराची वाट बघत होती. घरी सांगायला कोणी नाही, हे लाइलला फेब्रुवारीपासून माहीत होतं. दुखलं ते आत्ता, आणि इतकं दुखलं की चाकाचा आरा धरून तो खाली बसला.