कोऱ्या कागदाचा फोटो

नवा कॅमेरा घ्यायचा की जुनाच दुरुस्त करून वापरायचा, हे ठरवायचं काम साहेबांनी तिच्यावर सोपवलं, तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. जुनाच. पण ती विज्ञान शिकलेली बाई. "चाचणी घेऊन सांगते," असं ती म्हणाली.

संस्थेत सुकवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह होता. जाड कागदावर शिवून चिकटवलेली फांदी, दोनचार पानं, जमलं तर एखादं फूल, आणि खाली उजवीकडे माहितीची चिठ्ठी. अशा कागदांच्या चळती लोखंडी कपाटांत रचलेल्या असत. दर काही वर्षांनी प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो आधीच्या फोटोशी ताडून बघायचा, म्हणजे कीड, बुरशी, ओल वेळेवर कळते. हे काम तिचं. त्यासाठी तिच्याकडे एक जुना डीएसएलआर होता. वजनाला विटेसारखा, मुठीवरचं रबर सुटलेलं, आणि अलीकडे त्याचं शटर अधूनमधून अडकायला लागलं होतं. त्याची लेन्स मात्र अशी, की पानावरची लव मोजून घ्यावी.

कामाची तिची पद्धत ठरलेली होती. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून घट्ट बसवलेला, दोन्ही बाजूंना सारखे दिवे. टेबलावर काटकोनात चिकटवलेल्या दोन पट्ट्या, आणि प्रत्येक कागदाचा कोपरा त्या काटकोनात अचूक बसवलेला. जाड देठापासून सपाट पानापर्यंत सगळं स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र अगदी लहान केलेलं. तिच्या फोटोंमध्ये कागद केसभरही इकडचा तिकडे होत नसे. नव्यानं आलेल्यांना ती त्या पट्ट्या दाखवायची आणि कोणी हसलं तर तिला राग यायचा.

काही महिन्यांपूर्वी एका कपाटाचं काम चालू असताना तिला तो ठिपका दिसला होता. कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, फिकट करडा, कडा विरलेल्या. आधीच्या फोटोत नव्हता. पुढच्या कागदावरही त्याच जागी होता, त्याच्या पुढच्यावरही. चळतीवर काहीतरी ओलं ठेवलं गेलं आणि पाणी एकाखालून एक कागदांत झिरपलं, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ तिला दिसेना. भिंग घेऊन तिनं वरचा कागद पाहिला. जुन्या कागदावर बारीक डाग असतातच. त्या कोपऱ्यातही एक होता, जरा बाजूला. तिला तो पुरला.

बैठकीत तिनं ते फोटो मोठ्या पडद्यावर एकामागून एक दाखवले. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. कपाटांची खोली काकूंच्या ताब्यात होती, आणि काकूंचा थर्मास आणि स्टीलचा पेला सगळ्या संस्थेला माहीत होता.

"मी पेला खिडकीत ठेवते," काकू म्हणाल्या. "कपाटावर नाही. कधीच नाही."

"काकूंचा चहा झाडांनापण आवडला म्हणायचा," मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

तिनं पडद्यावर पुढचा फोटो आणला. त्यावरही ठिपका होता. नंतर दोनतीनदा विचारल्यावर काकूंचा आवाज खाली आला. "ठेवला असेन एखाद्या वेळी. वय झालं आता." साहेबांनी फार सभ्यपणे त्यांना खाली आवक-जावकच्या खिडकीवर बसवलं. जिना चढायचा त्रास वाचेल, असंही म्हणाले. कागद वाळवायला काढले, फोटोंचं काम थांबलं, आणि कॅमेरा पिशवीत गेला.

आता तो पुन्हा बाहेर निघाला होता. चाचणीत तुलनेसाठी छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा हवा होता, तो तिनं भाचीकडून मागून आणला.

"मावशी, तुझा तो रणगाडा अजून जिवंत आहे?" भाचीनं विचारलं.

"आहे. आणि तुझी ही काडेपेटी जन्मायच्या आधीपासून कामावर आहे."

"काडेपेटी खिशात मावते. तुझा रणगाडा फिरायला न्यायचा तर हमाल लागेल."

"मला फिरायला न्यायचाच नाहीये."

भाचीनं कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या मनगटात अडकवला. "खरं सांग, माझ्या कॅमेऱ्याला तू आधीच नापास करून ठेवलंयस ना?"

"परीक्षा घेतल्याशिवाय कसं करीन?"

"ते तुलाच विचार," भाची म्हणाली. "आणि धुळीत ठेवू नकोस. नवा आहे."

दुपारी जेवायच्या सुट्टीत खोली रिकामी असताना तिनं चाचणी घेतली. त्या वादग्रस्त चळतीतलाच वरचा कागद घेतला, काटकोनात बसवला. आधी जुन्यानं फोटो काढला, मग तोच स्टँड वापरून नव्यानं. दोन्ही फोटो संगणकावर शेजारी शेजारी मोठे केले. नव्याचा फोटो वाईट नव्हता, हे तिला मान्य करावं लागलं. रंग जरा भडक होते, पानावरची लव मात्र पुसट झाली होती. हा कॅमेरा फोटोतला खरखरीतपणा आपणहून गुळगुळीत करत होता. तिनं ते टिपून घेतलं.

मग तिनं वरचा उजवा कोपरा पाहिला. जुन्याच्या फोटोत ठिपका होता. नव्याच्या फोटोत नव्हता.

तिला आनंद झाला. पुढे जेव्हा जेव्हा तिला हे सगळं आठवे, तेव्हा हा आनंद तिला सर्वांत जास्त टोचे. तिला वाटलं, पुरावा सापडला. गुळगुळीत करण्याच्या नादात नव्या कॅमेऱ्यानं ओलीचा डागच खाऊन टाकला; असा कॅमेरा या कामाला घेतला तर उद्या बुरशीही खाईल. साहेबांना दाखवायचं वाक्यही तिनं मनात जुळवलं.

पण चाचणी म्हणजे चाचणी. कदाचित छोट्या कॅमेऱ्याची लेन्स नेमकी त्याच कोपऱ्यात कमजोर असेल. त्यालाही न्याय मिळायला हवा. म्हणून तिनं कागद उलटा फिरवला, वरचा कोपरा खाली आणला, आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी पुन्हा फोटो काढले.

जुन्याच्या फोटोत फांदीचं टोक खाली होतं, चिठ्ठी उलटी वर डावीकडे होती. ठिपका वर उजवीकडेच होता.

मग तिनं नमुना बाजूला ठेवला, कपाटातून नवा कोरा कागद काढला आणि काटकोनात बसवला. शटर एकदा अडकलं, मग पडलं. कोऱ्या कागदावर काहीच नव्हतं. वर उजवीकडे तो करडा ठिपका तेवढा होता.

धुळीचा कण. लेन्स काढता-बसवताना आत गेलेला आणि चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर बसलेला. छिद्र मोठं असतं तर तो दिसलाही नसता. तिनं ते लहान केलं होतं, स्पष्टतेसाठी. एखाद्या गबाळ्या माणसानं कागद वेडेवाकडे ठेवले असते, तर ठिपका एका नमुन्यात पानावर, दुसऱ्यात देठावर पडला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. तिच्या काटकोनानं तो नेहमी एकाच जागी आणून ठेवला. धूळ आत जाते, तिचा असा ठिपका पडतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी तिनंच हे इतरांना शिकवलं होतं. पण तिला हा ठिपका दिसला तेव्हा तिनं आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं खिडकीतल्या पेल्याकडे पाहिलं.

पिशवीच्या कप्प्यात हवा मारायचा रबरी फुगा होता. लेन्स काढायची, आरसा वर उचलायचा, दोनदा फुगा दाबायचा. कण उडून गेला असता आणि जगात त्याचा कुठेही पुरावा उरला नसता. डाग वाळवल्यावर गेले, असं म्हणता आलं असतं. तिनं फुगा हातात घेतला. तो हातात असतानाच जिन्यावर जेवून परतणाऱ्यांचे आवाज आले, आणि तिनं तो चोरी पकडली गेल्यासारखा पिशवीत टाकला. नंतर तिला नीट सांगता आलं नसतं की आवाज आले नसते तर तिनं काय केलं असतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नमुने सुखरूप आहेत," ते म्हणाले. "ही तर चांगली बातमी आहे, मॅडम."

"काकूंना वर आणायला हवं."

"आणू की. पुढच्या महिन्यात कामाची फेरवाटणी आहे, त्यात आणू. पण धुळीची गोष्ट सगळीकडे कशाला? उगाच तुमचंच हसं होईल."

साहेबांच्या बोलण्यानं तिला बरं वाटलं. खाली उतरताना पायरीपायरीवर तिला त्या बरं वाटण्याची लाज वाटत गेली.

काकू खिडकीमागे पाकिटांवर शिक्के मारत होत्या. समोर पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. तिनं दोन फोटो छापून आणले होते, सरळ कागदाचा आणि उलट्या कागदाचा. ते खिडकीतून आत सरकवून तिनं सांगितलं. तिनं वाक्यं लहान ठेवली.

काकूंनी चष्मा कपाळावर ढकलला, फोटो जवळ धरले, एकावर एक ठेवून पाहिले.

"म्हणजे मी पेला ठेवला नव्हता."

"नाही, काकू."

"बघ." काकूंनी फोटो खाली ठेवले. मग म्हणाल्या, "मला वाटायला लागलं होतं गं, की ठेवला. आठवायचासुद्धा. डोळ्यांसमोर दिसायचा, कपाटावर, खाली ओलं गोल उमटलेलं. सुनेनं विचारलं, आई, थर्मास का नेत नाही हल्ली? तिला म्हटलं, चहानं पित्त होतं."

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"ते कळलं मला." काकूंनी एका पाकिटावर शिक्का मारला. "साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. फेरवाटणीत तुम्हाला वर आणतो म्हणाले."

"फेरवाटणीत." काकू हसल्या, पण तिच्याकडे बघून नाही. "आणि तू हे मला खिडकीतून सांगतेस. हळू आवाजात. तेव्हा कुठं दाखवलं होतंस गं?"

"बैठकीत."

"पडद्यावर. एवढं मोठं. मागून चहाचा विनोद झाला, तोही ऐकलास तू. मग आता पडद्यावरच दाखव. मी पुढे बसते."

पुढच्या बैठकीपर्यंत तिनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. कण जिथे होता तिथेच राहू दिला. बैठकीत कॅमेरा स्टँडसकट आणून टेबलावर ठेवला, संगणकाला जोडला, कोरा कागद ठेवला आणि सगळ्यांसमोर फोटो काढला. पडद्यावर ठिपका उमटला. मग तिनं कागद फिरवला, फोटो काढला. ठिपका हलला नाही. पुढच्या रांगेत काकू हातांची घडी घालून बसल्या होत्या.

"ही ओल नव्हती," ती म्हणाली. "माझ्या कॅमेऱ्यातली धूळ होती. मी ती तपासायला हवी होती. तपासली नाही, आणि काकूंवर आळ आला. तो मी आणला."

कोणी खोकलं. मागून हसू आलं नाही. ते आलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "ठीक आहे. झालं ते झालं. मग मॅडम, कॅमेऱ्याचं काय? तुमच्या चाचणीचा निष्कर्ष?"

हे विचारलं जाईल हे तिला माहीत होतं. काल संध्याकाळभर ती याच प्रश्नाशी बसली होती. नवा म्हटलं की विषय संपत होता. नवा बंदिस्त होता, लेन्स निघत नव्हती, धूळ जायला वाट कमी. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं, आणि तेच म्हणणं आता शोभून दिसलं असतं. पण पानावरची लव नव्यात दिसत नव्हती. ते खरं होतं आणि ठिपक्यानं बदलत नव्हतं.

"जुना चांगला आहे," ती म्हणाली. "शटर बदलून. सेन्सर साफ करून. आणि रोज काम सुरू करण्याआधी एक कोऱ्या कागदाचा फोटो काढून."

खोलीत जरा हालचाल झाली. लोक एकमेकांकडे पाहत होते. मघा न आलेलं हसू आता आलं, दबलेलं. आपण स्वतःला वाचवतोय असं त्यांना वाटणार, हे तिला दिसत होतं, आणि तसं नाही हे सिद्ध करायला तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

"आपण नवाच घेऊ," साहेब म्हणाले. "काय?"

माना हलल्या. तिनं काकूंकडे पाहिलं. त्या पडद्यावरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होत्या.

काकू त्याच आठवड्यात वर आल्या, फेरवाटणीची वाट न बघता. थर्मासही आला, पण तो खोलीच्या दाराबाहेर, जमिनीवर राहू लागला. तसं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिनं एकदा म्हटलं, "काकू, आत खिडकीत ठेवा ना."

"राहू दे," काकू म्हणाल्या.

आता सकाळी कपाटं उघडण्याआधी काकू तिच्या टेबलापाशी येतात आणि दोन्ही तळवे तिच्यापुढे धरतात.

"बघून घे. कोरडे आहेत."

काकूंच्या मनाला येईल तसा तो आवाज कधी थट्टेचा असतो, कधी नसतो. ती मान खाली घालते, टेबलावरच्या काटकोनात कोरा कागद बसवते आणि नव्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो काढते.