बछबारस आणि मी

मी एक जुना लशीचा डबा आहे. अंगाने निळा, झाकणाने पांढरा. जयपूरच्या सीकर रोडवरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात बर्फ आणि बर्फाच्या कुशीत औषधाच्या बाटल्या, एवढंच माझं काम. पण मित्रांनो, त्या गारव्यावर कितीतरी मुक्या जिवांचे प्राण टांगलेले असत.

गुरांच्या डॉक्टर अमिता मला खांद्याला लावून जयपूरभर हिंडायच्या. त्या वर्षी लम्पीची साथ आली होती. गाईंच्या अंगावर गाठी उठायच्या, ताप चढायचा, चारा सुटायचा. अशात एका सकाळी आम्ही शास्त्रीनगरातल्या देवळामागच्या गोठ्यात गेलो. तिथे सहा गाई होत्या, आणि त्यांना पोटच्या लेकींसारखं सांभाळणाऱ्या अनुसयाबाई होत्या. रेल्वेच्या बदलीने नवऱ्यामागे इथे आलेल्या, त्या इथल्याच झाल्या. आपल्याकडची वसुबारस सुटली नव्हती, इथली गाय-वासराच्या पूजेची बछबारसही धरली होती. त्यांचे यजमान आप्पासाहेब म्हणत, "हिचे उपास दुप्पट झाले, माझ्या पोळ्या मात्र निम्म्या!"

अमिताताईंनी बाटलीतली भुकटी पाण्यात कालवली. एकदा कालवली की ती लस काही तासच टिकते.

"थांबा हो, डॉक्टरबाई!" अनुसयाबाई हळूच पण ठाम म्हणाल्या. "आज बछबारस. आज आम्ही घरात भाजी चिरायला सुरीसुद्धा धरत नाही, आणि तुम्ही गाईला सुई टोचणार?"

"मावशी, माश्यांना तिथी कळत नाही. रोग त्यांच्या पायांनी येतो."

"उद्या या ना. एका दिवसानं काय होतंय?"

"उद्या दुसरी वस्ती आहे. इथे परत यायला मला आठ दिवस लागतील."

"गोमाता सांभाळेल," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

कालवलेली लस वाया गेली. परत जाताना मी हलका होतो, पण इतका जड मी कधीच झालो नव्हतो.

आठव्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा सहांतली चंद्रा गाय मान टाकून उभी होती. मानेवर, पाठीवर गाठी. बाजरीची भाकरी तशीच पुढ्यात पडलेली. अमिताताईंनी तिला वेगळं बांधायला लावलं आणि बाकी पाच जणींना लस टोचली. चंद्राची कालवड तुळशी त्यांतलीच.

"आणि चंद्राला?"

"आजारी जनावराला ही लस देत नाहीत, मावशी."

"त्या दिवशी दिली असती, तर?"

अमिताताई खोटं बोलल्या नाहीत. "वाचलीच असती, असं नाही सांगता येत. लशीला अंगात मुरायला काही आठवडे लागतात. खरं तर साथ यायच्या आधीच टोचायला हवी. पण त्या दिवशी एक दार उघडं होतं."

अनुसयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. औषधं, मलम, माश्या हाकलायला धूर, सगळं त्यांनी मन लावून केलं. त्यानंतर बाराव्या दिवशी चंद्रा गेली. तुळशी रिकाम्या खुंट्याला हुंगत राहिली.

आता माझ्या झाकणाची कडी तुटली आहे. मी गारवा धरत नाही. मला टाकून देणार होते. अनुसयाबाईंनीच मागून घेतलं. माझ्या पोटात आता वस्तीतल्या गाईंना लस टोचल्याच्या चिठ्ठ्या असतात. बछबारशीच्या महिनाभर आधी त्या मला काखेत घेऊन दारोदार त्या चिठ्ठ्या गोळा करत जातात.

"काकी, आमच्या गाईची पूजा करायला येणार ना?" कुणी विचारलं की म्हणतात, "आधी चिठ्ठी दाखव. मग कुंकू."

बायका हसतात, कुणी कुरकुरतातही. पण चिठ्ठी आणतात.

पूजेच्या दिवशी अनुसयाबाई आपल्या पाच गाईंना भिजवलेली मटकी भरवतात. सहावी मूठ रिकाम्या खुंट्यापाशी ठेवतात. मग तुळशी येते आणि ती खाते.

मित्रांनो, गाईच्या पायाशी डोकं जरूर टेकवा. पण त्याआधी तिला लस द्या. तिला नवस बोलता येत नाही आणि साथ आल्याचं तिला कुणी सांगत नाही. तिच्यासाठी आधी जागं राहायचं, ते आपणच.