वीतभर वायरीचा दोष

रमण परुळेकराच्या स्वभावात जमेच्या बाजूला पुष्कळ काही होतं. दारू नाही, तोंडात वेडावाकडा शब्द नाही, आखातात, अझैब्याच्या कंपनीत टेंडरचे आकडे काढताना चूक नाही. नावे टाकायची तर एकच गोष्ट होती. जे काम शंभर नंबरी होणार नाही, ते तो हातीच घेत नसे. "आमच्या ह्यांना लग्नालासुद्धा थोडं थांबायचं होतं," त्याची बायको मंगला सांगे. "पण बाबांनी हॉल ठरवून टाकला."

सध्या तो थांबला होता एका वायरीसाठी. दुबईहून हौसेने आणलेल्या माइकचा प्लग होता जाड आणि तळहातावर मावणाऱ्या मिनिडिस्क रेकॉर्डरचं भोक बारीक. दोघांची सोयरीक जुळवायला मध्ये वीतभर अडॅप्टर-केबल लागे. ती घरात होती. पण ऑफिसच्या इंटरनेटवर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं, की असली मधली वायर आवाजाचा कस खाते. झालं! रमणने सिंगापूरहून सलग वायर मागवली आणि माइक कपाटात गेला.

"एवढीशी वायर, खाऊन खाऊन किती खाणार हो?" मंगलाने विचारलं.

"किती खाते हा प्रश्न नाही. खाते, हा आहे."

अल् घुब्राच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या मंगलाला असल्या उत्तरांची सवय होती. एरवी तिने सोडूनही दिलं असतं. पण वजीरा खालाला थांबायला वेळ नव्हता.

वजीरा खाला म्हणजे मंगलाच्या माहेरची शेजारीण. दापोलीकडच्या त्या बंदराच्या गावात, मोहल्ल्यातल्या कुठल्याही लग्नाची हळद खालाच्या गाण्यांशिवाय लागत नसे, आणि परकरातली मंगला कुंपणाला टेकून ती गाणी ऐकत मोठी झाली होती. आता खाला इकडे आखातात, सहम गावी आली होती, लेकाकडे. जाफरचं तिथे कापडाचं दुकान होतं. रविवारच्या विमानाने ती परत जायची होती आणि गेल्या गेल्या मुंबईत गळ्यावरच्या गाठीचं ऑपरेशन. गाठ साधी दिसत होती. पण डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं, आवाज बदलेल, कदाचित जाईलही. आणि ती गाणी खालाच्या गळ्याखेरीज दुसरीकडे कुठेच नव्हती.

"शुक्रवारी सहम," मंगलाने जाहीर केलं. "तुमची सिंगापूरकरीण येवो न येवो."

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर जाफरच्या हॉलमध्ये मांडामांड झाली. जाफरची बायको शकीला हिने जावई म्हणून रमणची सोय नव्या सोफ्यावर केली. मंगला गावची लेक, तेव्हा तिचा नवरा आख्ख्या गावचा जावई. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अर्थातच जसंच्या तसं होतं. आखातातला सोफा बसायला थोडाच घेतात! तो गावचं घर उभं राहिलं, की कंटेनरमधून तिकडे जायचा असतो. तोवर माणसं त्याच्यावर पाहुण्यासारखी टेकतात.

"खाला, तुम्हीपण सोफ्यावरच बसा," रमण म्हणाला. "माइक बरोबर समोर येईल."

"जावयाच्या शेजारी बसू?" खाला लाजली. "काय गो मंगले, तुजा घोव मना फोटोला बसवतोय का गाण्याला?"

रमणने एसी बंद केला, फ्रिजची पिन काढली, जाफरला मोबाइल दुकानात ठेवून यायला लावला. मग हेडफोन चढवून बोट वर केलं. खालाने डोळे मिटले आणि सुरू केलं. बंदरातल्या तारवाला सांगा गो, आज नको सुटू, लेकीच्या हातावरची हळद अजून ओली.

मंगलाच्या अंगावर काटा आला. आवाज तोच होता, जरासा जाडसर झालेला.

"थांबा, थांबा!" रमणने हेडफोन काढला. त्याचा चेहरा पडला होता, पण त्यात बरोबर ठरल्याचं एक छुपं समाधानही होतं. "खरखर येतेय. मी म्हटलंच होतं. ही मधली वायर. कशाला असं नासवायचं? सलग केबल आली की..."

"केबल येईल, पण खाला?" मंगलाचा आवाज चढला. जाफर आईकडे न बघता खिडकीकडे बघत राहिला. शकीला उगाच सरबताचे ग्लास गोळा करू लागली. मुंबईला काय होईल हे त्या हॉलमध्ये कुणालाच बोलायचं नव्हतं.

मंगलाने हात पुढे केला. "द्या इकडे ते हेडफोन."

"अगं, तुला त्यातलं..."

"वर्गात पाठमोरी उभी राहून मागच्या बाकावर कोण चिवडा खातंय ते ओळखते मी. द्या."

तिने हेडफोन कानांवर बसवला. "आता कुणी हलू नका." सगळे पुतळे झाले. हेडफोनमध्ये नितळ शांतता. "आता तुमची गुन्हेगार हलवा." रमणने अडॅप्टरची वायर हलवली, पिळली, प्लगपाशी दाबली. काही नाही. मग खाला पानाचा डबा घ्यायला जरा पुढे वाकली मात्र, मंगलाच्या कानात कुणीतरी सुकी पानं तुडवल्यासारखी खरखर झाली.

मंगला हसत सुटली. "खाला, परत मागे टेका बघू. आता पुढे."

खरखर, खरखर.

"अहो, प्लॅस्टिक! खाला गाताना झुलते, आणि सोफा साथ करतो!"

जाफरने कपाळावर हात मारला. त्या घरात सगळ्यांना तो आवाज इतका अंगवळणी पडला होता, की कुणाच्या कानालाच तो लागत नव्हता.

"काढू का मग प्लॅस्टिक?" जाफरने विचारलं.

"खबरदार!" शकीला म्हणाली. "चार वर्षं सांभाळलाय."

"अल्ला, सोफा कोनाला हवाय?" खाला केव्हाच उठून खाली चटईवर मांडी घालून बसली होती. "हळदीची गाणी कवा कुनी सोफ्यावर बसून म्हटली? जावयाने बसवलं म्हनून बसले."

रमण निमूटपणे माइक घेऊन खाली उतरला. मग खाला गात राहिली. हळद दळतानाचं, मेंदीचं, नवऱ्याकडच्यांना टोमणे मारण्याचं. ते तिने जावयाकडे बघून म्हटलं. घामाने सगळे निथळले, पण एसीचं नाव कुणी काढलं नाही. परतीच्या वाटेवर रमणने मंगलाला गाडीतच ऐकवलं. स्वच्छ, खणखणीत, खालाचा दोन ओळींमधला श्वासदेखील त्यात होता. मंगलाने डोळे पुसले आणि खिडकीची काच खाली केली.

सिंगापूरची वायर पुढच्या आठवड्यात आली. रमणने दोन्ही लावून, डोळे मिटून, बराच वेळ ऐकलं.

"फरक आहे?" मंगलाने विचारलं.

"आहे," तो म्हणाला.

"केवढा?"

त्याने सिंगापूरची वायर गुंडाळून ठेवली. "ऐकू न येण्याइतका."

ऑपरेशननंतर मंगला फोनच्या घंटेला दचकत होती. मग एका दुपारी मुंबईहून फोन आला. पलीकडून घोगरा, जाडाभरडा, पण चांगला ठणठणीत आवाज आला. "मंगले, गाठ साधीच निघाली गो. नि तुज्या घोवाला सांग, आता ही खरखर वायरीची नाय नि सोफ्याची पन नाय. ही माजी हाय."