दुसऱ्या बोडीचे नर

मनकर्णाने आपल्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, कमरेभर पाण्यात उभं राहून जाळं ओढलं आणि त्यातली सर्वांत मोठी रोहू काठावर बसलेल्या उमाजीच्या हंड्यात सोडली. मग दुसरी, तिसरी, अशा आठ-दहा.

"साऱ्याच न्या, उमाजीभाऊ. यंदा बियाणं नाई करत मी. पोरगा मोहर्लीले जंगल दाखवाच्या जिपड्यावर लागला. बोडी मच्छी सोसायटीले परत देऊन टाकीन."

उमाजी तिच्याकडे चार नर मागायला आला होता, आणि ती सगळी बोडीच हंड्यात ओतायला निघाली होती.

सिंदेवाहीच्या त्या अंगाला मासोळ्यांची पिल्लं तयार करून विकणारी ही दोनच घरं. उमाजीचं बरं चाललं. मनकर्णाची पिल्लं मात्र सालोसाल किडमिडी होत गेली; गिऱ्हाईक एकदा नेई, पुन्हा फिरकत नसे. कारण उमाजीला पक्कं ठाऊक होतं. नर-मादी एकाच बोडीतले, एकाच पोटचे ठेवले की वाण खचतो. दर दोन सालांनी नर बाहेरून आणावे लागतात. बापाने त्याला हे शिकवलं, आणि घरची विद्या घरातच ठेवायलाही शिकवलं. मूल गावाकडच्या एका तलावातून तो गुपचूप नर आणायचा आणि आपल्या पोळीवर तूप ओढून घ्यायचा. यंदा तो तलाव आटला, म्हणून तो मनकर्णाच्या बोडीवर आला होता.

"माह्या हातालेच यश नाई," मनकर्णा हसून म्हणाली. "हे बी असंच म्हनत गेले."

हे म्हणजे लटारू, तिचा नवरा. दोन सालांमागे काविळीने गेला. उमाजीचा लहानपणापासूनचा जोडीदार.

उमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर त्याने मूग गिळले होते, आज ते गिळवेनात.

"हाताचा दोष नाई, वहिनी."

मग त्याने सगळं सांगितलं. एका पोटचे मासे, बाहेरचे नर, मूलचा तलाव. सांगताना तो पाण्याकडेच पाहत होता.

जाळं मनकर्णाच्या हातातून सुटून पाण्यावर पसरलं.

"दवाखान्यात तुमी त्याह्यच्या उशाशी बसून होते. 'माह्या हातानं बोडी बुडाली', हेच ते बोलत होते. तवा बी माहीत होतं तुमाले?"

"हो."

काठाशी येऊन तिने हंड्यात हात घातला आणि एकेक मासा चाचपला. कल्ल्यामागचा पर खरखरीत लागला की नर. तो हंड्यात राहू दिला. माद्या तिने परत बोडीत सोडल्या.

"हे चार न्या. उद्या तुमच्या बोडीतले चार नर इथी आना."

उमाजीने मान हलवली आणि हंडा उचलला.

"आन् सोमवारी सोसायटीच्या बैठकीत हे साऱ्यायले सांगा," ती म्हणाली. "कवापासून माहीत होतं, ते बी सांगा."